ए.एफ.एस. तल्यारखान

ए.एफ.एस. तल्यारखान ऊर्फ बॉबी तल्यारखान (जन्म : १८९७, मृत्यू : १३ जुलै १९९०) हे भारतातील नभोवाणीवरील क्रिकेट समालोचनाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक आणि क्रीडास्तंभलेखक होते. मुंबईच्या पारशी समाजातील तल्यारखान यांनी १९३४ मध्ये मुंबईतील चौरंगी स्पर्धेच्या सामन्याचे धावते वर्णन नभोवाणीवरून केले. भारतातील क्रिकेट समालोचनाचा आरंभ सामान्यतः याच प्रसंगापासून मोजला जातो. संपूर्ण दिवसाचा खेळ एकट्याने वर्णन करणे हे त्यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य होते. १९४८-४९ च्या वेस्ट इंडीज संघाच्या दौऱ्यासाठी ऑल इंडिया रेडिओने तीन समालोचकांचे मंडळ नेमले, तेव्हा मायक्रोफोन इतरांबरोबर वाटून घेण्यास नकार देऊन ते बाजूला झाले. समालोचन हे एका व्यक्तीचे कथन असावे की अनेकांनी मिळून द्यावयाचे वृत्त असावे, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीमुळे भारतीय नभोवाणीपुढे प्रथम ठळकपणे उभा राहिला.

पार्श्वभूमी

मैदानावर चाललेला खेळ दूरच्या श्रोत्याला शब्दांतून दाखविण्याची कला विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आकाराला आली. अमेरिकेत १९२१ पासून मुष्टियुद्ध, बेसबॉल आणि महाविद्यालयीन फुटबॉल यांची वर्णने नभोवाणीवरून होऊ लागली. इंग्लंडमध्ये बीबीसीने १५ जानेवारी १९२७ रोजी ट्विकनम येथील इंग्लंड विरुद्ध वेल्स या रग्बी सामन्याचे धावते वर्णन प्रसारित केले. समालोचक होते कॅप्टन टेडी वेकलम. चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात आहे हे श्रोत्यांना समजावे म्हणून मैदानाचा क्रमांक दिलेल्या चौकोनांत विभागलेला नकाशा कार्यक्रमपत्रिकेत आधी छापण्यात आला होता आणि समालोचकाचा सहकारी चौकोनाचा क्रमांक मध्ये मध्ये पुकारीत असे. केवळ आवाजाच्या आधारे खेळ उभा करता येईल, याविषयी आरंभी किती साशंकता होती हे या नकाशावरून कळते.

भारतात इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याचा प्रक्षेपक अवघा दीड किलोवॉट शक्तीचा होता आणि त्याचा प्रभावी पल्ला सुमारे ४८ किलोमीटर होता. रेडिओ संच बाळगण्यासाठी वार्षिक दहा रुपये शुल्काचा परवाना घ्यावा लागे. संचांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या आणि परवानाधारकांची संख्या कंपनी चालविण्यास पुरेशी नव्हती. १९३० मध्ये कंपनी बुडाली. त्यानंतर सरकारने ही सेवा इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस या नावाने आपल्याकडे घेतली. ८ जून १९३६ रोजी तिचे ऑल इंडिया रेडिओ असे नामांतर झाले. त्यामुळे तल्यारखान यांचे पहिले समालोचन ऑल इंडिया रेडिओवरून झाले असे जे सर्रास लिहिले जाते, ते त्या संस्थेच्या पूर्वरूपाविषयी आहे असे समजावे.

मुंबईच्या नभोवाणीचा आणि पुणे जिल्ह्यातील मुळशीचा एक अप्रत्यक्ष संबंध येथे नोंदविण्याजोगा आहे. मुळशी धरणाच्या पाण्यावर चालणारे भिरा येथील टाटांचे जलविद्युत केंद्र १९२७ मध्येच कार्यान्वित झाले आणि त्याची वीज मुंबईकडे गेली. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्ध झाला होता. ज्या खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, ते खोरे मुंबई केंद्राच्या दीड किलोवॉटच्या पल्ल्याबाहेर होते. मुंबईतील घरे आणि उपाहारगृहे यांत विजेवर चालणारे संच वाजू लागले, तरी घाटमाथ्यावरच्या गावांपर्यंत वीज आणि रेडिओ पोहोचण्यास पुढे बराच काळ जावा लागला. आरंभीच्या समालोचनाचा श्रोता हा मुख्यतः महानगरातील, इंग्रजी जाणणारा आणि सुस्थितीतील होता, हे त्या काळच्या समालोचनाचा विचार करताना ध्यानात ठेवावे लागते.

कारकिर्दीचा आरंभ

मुंबईतील जातीय क्रिकेट स्पर्धेचा इतिहास मोठा आहे. युरोपीय आणि पारशी यांच्यातील सामन्यांपासून सुरू झालेली ही स्पर्धा १९०७ मध्ये हिंदू संघाच्या समावेशाने तिरंगी, १९१२ मध्ये मुस्लिम संघाच्या समावेशाने चौरंगी आणि १९३७ मध्ये ‘इतर’ या संघाच्या समावेशाने पंचरंगी झाली. भारतीय ख्रिस्ती, ज्यू इत्यादी समाजांतील खेळाडू ‘इतर’ संघातून खेळत. सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे १९३० पासून बंद राहिलेली ही स्पर्धा १९३४ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी पारशी आणि मुस्लिम या संघांमध्ये मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर झालेल्या सामन्याचे समालोचन तल्यारखान यांनी केले.

खंडानंतर परतलेली स्पर्धा, प्रेक्षकांची गर्दी आणि सरकारी नियंत्रणाखाली स्थिरावत असलेली नभोवाणी अशा तीन गोष्टी या वेळी एकत्र आल्या. ज्यांना मैदानावर जागा मिळत नसे त्यांना खेळाशी जोडणारा दुवा समालोचकाच्या रूपाने निर्माण झाला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची वाट न पाहता खेळ घडत असतानाच तो कळू लागला.

७ डिसेंबर १९३७ रोजी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या ब्रेबर्न स्टेडियमचे उद्घाटन लॉर्ड टेनिसन यांच्या संघाविरुद्धच्या सामन्याने झाले. पंचरंगी स्पर्धा या स्टेडियमवर आली आणि १९३८ मध्ये मुंबई केंद्राला लघुलहरी प्रक्षेपक मिळाला. लघुलहरींमुळे मुंबईचे प्रसारण शहराबाहेर दूरवर ऐकू जाऊ लागले. पुढील दशकभर तल्यारखान हे नाव आणि नभोवाणीवरील क्रिकेट या दोन गोष्टी श्रोत्यांच्या मनात एकरूप झाल्या. त्यांच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरेच त्यांची ओळख बनली. क्रिकेटखेरीज हॉकी आणि फुटबॉल या खेळांशीही त्यांचा समालोचक व लेखक या नात्याने संबंध होता.

समालोचनाची पद्धत

तल्यारखान यांचे समालोचन इंग्रजीतून होत असे. भरदार आवाज, गोष्टीवेल्हाळपणा आणि न थकता बोलत राहण्याची विलक्षण क्षमता हे त्यांचे गुण अनेक लेखकांनी नोंदविले आहेत. उपाहार आणि चहापान यांची मध्यंतरे सोडली, तर सकाळपासून खेळ संपेपर्यंत ते एकटेच बोलत असत.

हे काम किती कठीण होते ते समजण्यासाठी क्रिकेटचे स्वरूप लक्षात घ्यावे लागेल. फुटबॉल किंवा हॉकीच्या सामन्यात चेंडू सतत फिरता असतो आणि समालोचकाचे शब्द त्यामागे धावतात. क्रिकेटमध्ये चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा वेळ थोडा आणि दोन चेंडूंमधील वेळ पुष्कळ असतो. प्रत्यक्ष घटना काही क्षणांत सांगून होते. त्यानंतर गोलंदाज पुन्हा आपल्या जागी जाऊन धाव सुरू करीपर्यंतचा अवकाश भरून काढावा लागतो. या अवकाशात समालोचक क्षेत्ररक्षणाची रचना सांगतो, धावसंख्येची उजळणी करतो, खेळाडूच्या पूर्वीच्या खेळींचा दाखला देतो, आकाशाचे आणि प्रेक्षकांचे वर्णन करतो. एकट्या समालोचकाला हे सर्व पाच-सहा तास करावे लागते आणि तेही समोरच्या मैदानावरून नजर न हलविता.

नभोवाणीचा श्रोता कोणत्याही क्षणी संच सुरू करतो. त्यामुळे धावसंख्या, बाद झालेले गडी आणि खेळणारे फलंदाज ही माहिती ठरावीक अंतराने पुन्हा सांगणे आवश्यक असते. ती वारंवार सांगितली, तर पहिल्यापासून ऐकणारा कंटाळतो. न सांगितली, तर नवा श्रोता गोंधळतो. आरंभीच्या काळात भारतात या कलेचे प्रशिक्षण देणारी व्यवस्था नव्हती आणि अनुकरणासाठी जुना आदर्शही नव्हता. तल्यारखान यांना आपली रीत स्वतःच घडवावी लागली आणि हजारो श्रोत्यांना ‘समालोचन’ म्हणजे काय हे त्या रीतीवरूनच कळले.

जातीय स्पर्धा आणि समालोचक

तल्यारखान यांच्या कारकिर्दीचे पहिले पर्व ज्या स्पर्धेभोवती फिरले, ती स्पर्धा स्वातंत्र्यपूर्व दशकात तीव्र वादाचा विषय होती. संघांची उभारणी धर्म आणि समाज यांच्या आधारे झालेली असल्याने ही स्पर्धा राष्ट्रीय ऐक्यास बाधक आहे, असे मत बळावत गेले. डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्यास महात्मा गांधींना भेटले. खेळाच्या क्षेत्रात जातीय भेदांना स्थान नसावे आणि अशा स्पर्धा बंद व्हाव्यात, असे मत गांधीजींनी व्यक्त केले. स्पर्धेच्या समर्थकांचे म्हणणे असे होते की, या सामन्यांमुळे निरनिराळ्या समाजांतील खेळाडूंमध्ये खेळकर चुरस व स्नेहभाव वाढतो आणि क्रिकेटला लोकाश्रय मिळतो.

क्रीडागुणांच्या दृष्टीने स्पर्धेचा दर्जा उच्च होता, याविषयी दुमत नाही. १९४३-४४ च्या हंगामात हिंदूंविरुद्ध विजय हजारे यांनी ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. त्याच सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढल्या होत्या. सहाव्या गड्यासाठी हजारे बंधूंनी केलेल्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक हजारे यांचा वाटा २१ धावांचा होता.

अशा स्पर्धेचे वर्णन करणाऱ्याची जबाबदारी वेगळी असते. मैदानावरील प्रेक्षक आपापल्या समाजाच्या संघामागे उभे असत. नभोवाणीचा श्रोता मात्र सर्व समाजांतला होता आणि सर्वांच्या कानी एकच आवाज पडत होता. पहिल्याच सामन्यात एका बाजूला समालोचकाचा स्वतःचा समाज होता. पायचीतचा कौल, सुटलेला झेल किंवा संथ फलंदाजी यांविषयीच्या एखाद्या शब्दालाही अशा वातावरणात क्रीडाबाह्य अर्थ चिकटण्याचा संभव असतो. श्रोता खेळ पाहत नसल्याने पडताळणीचे साधन त्याच्यापाशी नसते. समालोचकाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. समालोचनातील निःपक्षपाताचा आग्रह या विश्वासातून जन्मतो. पंचरंगी स्पर्धा १९४६ मध्ये कायमची थांबली आणि राष्ट्रीय स्तरावर रणजी करंडक स्पर्धेला निर्विवाद प्राधान्य मिळाले.

१९४८-४९ : मतभेद आणि निवृत्ती

स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी भारताकडे सहा नभोवाणी केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. १९४८-४९ मध्ये जॉन गोडार्ड यांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीजचा संघ आला. स्वतंत्र भारतात झालेली ही पहिली कसोटी मालिका होय. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत मिळून पाच सामने झाले. त्यांपैकी दोन मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर झाले. या मालिकेसाठी ऑल इंडिया रेडिओने तीन समालोचकांचे मंडळ नेमण्याची पद्धत स्वीकारली. तल्यारखान यांना ती मान्य झाली नाही आणि त्यांनी समालोचन सोडले.

हा वाद केवळ मानापमानाचा होता असे मानणे अपुरे ठरेल. एकल पद्धतीच्या बाजूने असे म्हणता येते की, कथनाचा धागा एकाच्या हाती राहिल्यास दिवसभराच्या खेळाला सलगता येते. सकाळी सुटलेल्या झेलाचे महत्त्व सायंकाळी सांगणारा, तो झेल स्वतः वर्णन केलेला माणूसच असतो. श्रोत्याला एका आवाजाची सवय होते, त्या आवाजाच्या चढउतारांवरून त्याला शब्दांच्या आधीच घटना कळू लागते.

मंडळ पद्धतीचे लाभही तितकेच स्पष्ट आहेत. आलटून पालटून बोलल्याने थकवा येत नाही आणि अचूकता टिकते. एकाने खेळ सांगावा आणि दुसऱ्याने त्याचे विश्लेषण करावे, अशी विभागणी शक्य होते. निरनिराळ्या शहरांतील जाणकारांना संधी मिळते. एका व्यक्तीच्या आवडीनिवडींचा प्रभाव कमी होतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या राष्ट्रीय सेवेच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नव्हता.

याच मालिकेतील मुंबईचा पाचवा सामना भारतीय क्रिकेटमधील अत्यंत उत्कंठापूर्ण सामन्यांपैकी एक मानला जातो. विजयासाठी ३६१ धावांचे लक्ष्य असताना भारताचा डाव ८ बाद ३५५ वर थांबला आणि अवघ्या सहा धावा कमी पडून सामना अनिर्णित राहिला. विजय हजारे यांनी १२२ धावा केल्या होत्या. भारताच्या पहिल्या कसोटी विजयाची संधी हुकली ती मालिका श्रोत्यांनी ऐकली, ती समालोचकमंडळाच्या नव्या व्यवस्थेतून.

पुढे मंडळ पद्धत सर्वत्र रूढ झाली. बीबीसीच्या १९५७ मध्ये सुरू झालेल्या ‘टेस्ट मॅच स्पेशल’ या कार्यक्रमात समालोचक ठरावीक वेळाने बदलत आणि त्यांच्यातील संभाषण हाच कार्यक्रमाचा लौकिक ठरला. अमेरिकेत मात्र एकल पद्धतीची परंपरा काही ठिकाणी टिकली. तेथील महाविद्यालये आणि व्यावसायिक संघ यांचा एखादा समालोचक अनेक दशके ‘संघाचा आवाज’ म्हणून ओळखला जातो. फोर्डम विद्यापीठाच्या विद्यार्थी नभोवाणीतून पुढे आलेले विन स्कली यांनी १९५० ते २०१६ असे ६७ हंगाम डॉजर्स या एकाच बेसबॉल संघाचे समालोचन केले, तेही बहुतांशी एकट्याने. तल्यारखान यांचा आग्रह अव्यवहार्य नव्हता, हे या उदाहरणावरून दिसते. मात्र स्कली हे एका संघाचे समालोचक होते आणि तल्यारखान यांच्याकडून अपेक्षा राष्ट्रीय प्रसारणाची होती, हा फरकही लक्षात घ्यावयास हवा.

पुनरागमन आणि लेखन

तल्यारखान यांचा मायक्रोफोनशी संबंध पूर्णपणे तुटला नाही. १९५४-५५ मधील भारतीय संघाच्या पहिल्या पाकिस्तान दौऱ्याच्या वेळी ते समालोचनाकडे परतले. त्या मालिकेतील पाचही कसोटी सामने अनिर्णित राहिले. त्यानंतर १९७२-७३ मध्ये टोनी लुईस यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या इंग्लंड संघाच्या दौऱ्यात त्यांनी दिवसाच्या खेळाचा गोषवारा सांगण्याचे काम केले. ही मालिका भारताने २-१ अशी जिंकली. दिवसाअखेरचा गोषवारा हा प्रकार त्यांच्या प्रकृतीला मानवणारा होता. त्यात मायक्रोफोन कोणाबरोबर वाटून घ्यावा लागत नाही.

मुंबईच्या इंग्रजी नियतकालिकांतून त्यांनी दीर्घकाळ क्रीडाविषयक स्तंभलेखन केले. ‘टेक इट फ्रॉम मी’ हा त्यांचा स्तंभ वाचकांच्या परिचयाचा होता. समोर बसलेल्या माणसाशी बोलावे तशी त्यांची लेखनशैली होती आणि ‘स्टीव्ह’ नावाच्या काल्पनिक श्रोत्याला ‘समजले ना?’ अशा अर्थाचा इंग्रजी प्रश्न विचारण्याची त्यांची लकब विशेष प्रसिद्ध झाली. नभोवाणीवर अदृश्य श्रोत्याशी बोलण्याची सवय त्यांच्या लेखणीतही उतरली होती, असे म्हणता येते. १३ जुलै १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

नंतरची परंपरा

तल्यारखान यांच्यानंतर बेरी सर्बाधिकारी, पिअर्सन सुरिटा, देवराज पुरी, डिकी रत्नागर, अनंत सेटलवाड, सुरेश सरैया इत्यादी समालोचकांनी इंग्रजी समालोचनाची परंपरा चालविली. विजयनगरमचे महाराजकुमार आणि विजय मर्चंट यांच्यासारखे माजी कसोटीपटूही मायक्रोफोनपाशी आले. हिंदी समालोचनात जसदेव सिंग, रवी चतुर्वेदी आणि सुशील दोशी यांची नावे घराघरांत पोहोचली. स्वस्त ट्रान्झिस्टर संचांमुळे शेताच्या बांधावर, चहाच्या टपरीवर आणि एस.टी.च्या प्रवासातही धावसंख्या ऐकू येऊ लागली. १९३४ चा मर्यादित, इंग्रजी जाणणारा श्रोतृवर्ग आता सर्व थरांत पसरला होता.

या विस्तारामुळे प्रादेशिक भाषांतील समालोचन अपरिहार्य झाले. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. मराठी समालोचनाच्या पहिल्या पिढीत पुण्याचे बाळ ज. पंडित (निधन : २०१५) यांचे स्थान अग्रभागी आहे. ते स्वतः क्रिकेटपटू होते आणि क्रिकेटवर त्यांनी मराठीत विपुल ग्रंथलेखन केले. ज्येष्ठ क्रीडापत्रकार वि. वि. करमरकर (निधन : २०२३) यांनी मराठी वृत्तपत्रातील क्रीडापानाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि मराठी समालोचनही केले.

इंग्रजी समालोचकाला खेळाची परिभाषा तयार मिळाली होती. मराठी समालोचकाला ती बोलीत रुळवावी लागली. फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक, षटक, निर्धाव षटक, त्रिफळाचीत, पायचीत, धावचीत, चौकार, षटकार हे शब्द वृत्तपत्रांनी छापले आणि समालोचकांनी कानांत रुजविले. एका श्वासात उच्चारता येईल आणि ऐकताक्षणी समजेल असाच शब्द समालोचनात टिकतो. ‘लेग बिफोर विकेट’ या तीन शब्दांऐवजी ‘पायचीत’ हा एक शब्द आला, तो याच कसोटीला उतरून. ‘स्लिप’, ‘गली’, ‘कव्हर’ यांसारख्या क्षेत्ररक्षणाच्या जागांची नावे मात्र मराठीतही इंग्रजीच राहिली.

मूल्यमापन

दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर समालोचकाचे काम बदलले. प्रेक्षक खेळ स्वतः पाहत असल्याने वर्णनापेक्षा विश्लेषणाला महत्त्व आले आणि निवृत्त खेळाडूंची संख्या समालोचकांत वाढली. केवळ शब्दांनी मैदान उभे करण्याची गरज नभोवाणीपुरती उरली. या पार्श्वभूमीवर तल्यारखान यांचे ऐतिहासिक महत्त्व दोन गोष्टींत आहे. भारतात ज्या कलेला पूर्वपरंपरा नव्हती, तिचे पहिले लोकप्रिय रूप त्यांनी घडविले. तसेच त्यांच्या नकारामुळे समालोचकाचे स्वातंत्र्य आणि प्रसारण संस्थेचा अधिकार यांच्यातील मर्यादारेषेचा प्रश्न पुढे आला. भारतीय नभोवाणीने मंडळ पद्धत निवडली आणि तीच आजतागायत चालू आहे.